आधी गुडघा

लाथ बसली. मी अर्धं पाऊल मागे सरकलो, पाठ दुकानाच्या मागच्या भिंतीला टेकली आणि मी म्हणालो, "सात."

नूतन लगेच खाली वाकली. माझ्या हातातल्या पॅडला तिनं बोटं लावली आणि ती कपाळाला लावली.

"अगं, पुढची मार ना."

"मारते की. तुमाला लागलं न्हाई ना?"

"न्हाई."

"खरं सांगा."

"नूतन, आठ."

आठवी बसली. पुन्हा वाकणं, पुन्हा कपाळ. पन्नास लाथांना आम्हाला अर्धा तास लागायचा. त्यात लाथांची पाच मिनिटं, बाकीची माफीची.

मी धनाजी. किकवीला हायवेच्या कडेला माझं पंक्चरचं दुकान आहे. दुकानाच्या मागे घर, आणि दोन्हींच्या मधल्या दहा फुटांत माझी बायको मला रोज संध्याकाळी सहा वाजता लाथा घालते. हे मी आपण होऊन सांगतोय, कारण गावात या गोष्टीचे सात-आठ प्रकार फिरताहेत आणि त्यातला एकही धड नाही. पॅडही मीच बनवलंय. आत ट्रकच्या सीटचा स्पंज, वरून जुन्या ट्यूबचं रबर, मागं हात घालायला सीटबेल्टचा पट्टा. विकतचं पॅड फाटेल, हे फाटणार नाही. फाटलंच तर मी फाटेन.

त्याचं असं झालं. गेल्या दिवाळीनंतर आमच्या दुकानासमोरच्या समाजमंदिरात तायक्वांदोचा क्लास सुरू झाला. शिकवणारा अभिषेक तिथल्याच वस्तीतला. पुण्यात शिकायला होता तेव्हा काळा पट्टा मिळवून आला आणि आपल्या गावच्या पोरींना शिकवायचं असं त्याच्या मनानं घेतलं. पोरी झाल्या चौदा, त्यात आमची सातवीतली शिवानी. पण आईबापांनी अट घातली, की क्लासात एखादं बाईमाणूस बसलं पाहिजे. घर सगळ्यात जवळ आमचं. मग नूतन रोज तासभर निवडायची भाजी घेऊन तिथं भिंतीला टेकून बसायला लागली. त्या दिवसांत आमच्याकडं जेवढी मेथी निवडली गेली तेवढी लग्नघरीही निवडत नाहीत.

पहिल्याच दिवशी प्रश्न आला, तोंड करायचं कुठं. एका भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर. तिकडं पाय उचलायचा नाही, हे अभिषेकनंच सांगितलं. दुसऱ्या बाजूला पोरींची दप्तरं, म्हणजे विद्या. तिसऱ्या बाजूला नूतनच्या पुढ्यात भाजी, म्हणजे अन्न. उरली रस्त्याकडची बाजू. तिकडं माझं दुकान. तेव्हापासून चौदा पोरी आठवड्यातले पाच दिवस माझ्या दुकानाच्या दिशेनं लाथा झाडतात. टायर बदलायला थांबलेली गिऱ्हाइकं विचारतात, "काय हो, तुमचं यांच्याशी बिनसलंय का?"

बसून बसून नूतनला सगळं पाठ झालं. समोरची लाथ म्हणजे अप चागी, गोल फिरून मारायची ती दोल्यो चागी. आकडे कोरियन भाषेतले. एकदा चपात्या मोजताना ती बोलून गेली, "हाना, दूल, सेत, नेत." आमच्या आईनं, म्हणजे सखूबाईनं, ते चुलीपाशी ऐकलं. ती उठली, देवळात गेली, अंगारा घेऊन आली आणि सुनेच्या कपाळाला लावला. मलाही लावला, हाताला लागलाच आहे म्हणून.

इथवर सगळं बरं चाललं होतं. मग अभिषेकला शिरवळच्या कंपनीत नोकरी लागली. पाळ्या बदलत्या. तो म्हणाला, मी आता फक्त रविवारी येऊ शकतो. बाकीचे दिवस पोरींनी सराव करायचा तर त्याच्या संस्थेचा नियम असा, की किमान पिवळा पट्टा असलेलं कोणीतरी मोठं माणूस समोर हवं. नुसतं बसणारं नाही, पट्टेवालं. तसं माणूस नसेल तर क्लास बंद. समाजमंदिरात मांडवाच्या खुर्च्या ठेवायचं जवळजवळ ठरलंच होतं.

गावात मोठं माणूस शोधायला लागलो. ग्रामसेवकांना विचारलं, तर त्यांनी शर्ट वर करून कमरेचा पट्टा दाखवला. डॉक्टरांनी दिलेला. शाळेतले सर म्हणाले, जनगणना आहे. मला कोणी विचारलं नाही. माझ्या पोटाकडं बघून विचारायचं राहिलं असावं.

शेवटी शिवानीच म्हणाली, "सर, मम्मीला घ्या ना. ती बसल्या बसल्या आमच्याबरोबर पाय हलवती."

"काय बोलतीय ही," नूतन म्हणाली आणि मेथीत तोंड घातलं.

अभिषेक म्हणाला, "ताई, एकदा उभ्या तर ऱ्हावा. नुसता गुडघा वर घेऊन दाखवा."

पोरींनी ओढून उभी केली. नूतननं साडीचा काठ खोचला, दाराकडं एकदा बघितलं आणि गुडघा उचलला. सरळ वर, छातीपाशी. पायाची बोटं खाली, टाच आत. तिथंच धरून ठेवला, आणि खालचा पाय जमिनीत रोवल्यासारखा. मी दुकानातून पाना घेऊन आलो होतो, तो तसाच हातात राहिला. अठरा वर्षं मी या बाईबरोबर संसार करतोय आणि हिचा गुडघा एवढा वर जातो हे मला माहीत नव्हतं.

"ताई, हे तुमी कुठं शिकला?" अभिषेकनं विचारलं.

"चिखलात," नूतन म्हणाली.

तिचं माहेर गुंजवणं. वडिलांची, म्हणजे चिमाजीआबांची, भाताची खाचरं होती. ती धरणात गेली. घर वर राहिलं, रान खाली गेलं. पण नूतन सहा वर्षांची असल्यापासून लग्नाच्या आधी दोन वर्षांपर्यंत त्या चिखलात होती. मांडीपर्यंतच्या चिखलातून पाय काढायची एक रीत असते, ती आबांनी तिला शिकवलेली. पाय ओढायचा नाही. गुडघा आधी उचलायचा, पाय मागनं येतो. पाय आधी ओढला तर माणूस तोंडावर पडतो.

"आमी पोरींना सहा महिने हेच सांगतोय," अभिषेक म्हणाला. "आधी गुडघा."

पिवळ्या पट्ट्याची परीक्षा भोरला, दोन महिन्यांनी; तोवर क्लास फक्त रविवारी. नूतन पास झाली तर क्लास चालू, नाही तर खुर्च्या. चौदा पोरी तिच्याकडं बघत होत्या. नूतन घरी येऊन मला म्हणाली, "मी न्हाई जायची." रात्रीचं जेवण झाल्यावर म्हणाली, "पॅड कशाचं करत्यात?"

लाथ तिची पहिल्या आठवड्यातच बसायला लागली. अडचण लाथेची नव्हती. अडचण लाथेनंतरची होती.

आपल्याकडं कोणाला चुकून पाय लागला तर काय करतात, हे सांगायला नको. हात लावायचा, कपाळाला न्यायचा. पोराला लागो, म्हाताऱ्याला लागो, पुस्तकाला, केरसुणीला, पोत्याला. नूतनचं तर आयुष्य यातच गेलेलं. घर लहान, माणसं फार, पाय कुठं ना कुठं लागणार. तिचा हात पायापेक्षा आधी हलतो. आणि इथं तिला चुकून नाही, मुद्दाम, जोर लावून, मोजून पन्नास वेळा पाय मारायचा होता, तोही नवऱ्याच्या हातातल्या वस्तूला.

त्यात आमची आई. पहिल्या दिवशी ती दाराशी उभी राहून बघत होती. मला वाटलं, आता काहीतरी पेटणार. पण आई हुशार. नातीचा क्लास बंद पडावा असं तिलाही वाटत नव्हतं. ती म्हणाली, "मार बाई. लाथ मारायचीच आसंल तर मार. पण नवरा हाय तो. दर लाथंला पाया पड." आणि पोतं टाकून तिथं बसली. मी लाथा मोजायचो, आई नमस्कार मोजायची. एकदा माझ्या बत्तीस झाल्या, तिचे एकतीस. तिनं नूतनला मागं बोलावून एक नमस्कार भरून घेतला.

गावाला कळायला तीन दिवस लागले. दुकानाशेजारी कुमारचा चहाचा गाडा आहे. आमच्या मधली भिंत छातीएवढी, त्यामुळे कुमारला पलीकडून फक्त माझं डोकं दिसायचं. दर थोड्या वेळानं ते मागं जायचं, आणि बायकोचा आवाज यायचा, लागलं का? तिसऱ्या दिवशी त्यानं मला न मागता हळद घातलेलं दूध दिलं.

"धन्या," तो हळूच म्हणाला, "घरातलं घरात ऱ्हावं हे मला पटतं. पण सोसायला बी काय मर्यादा आसती."

मी सगळं समजावून सांगितलं. त्यानं मान डोलावली, पण दुधाचे पैसे काही घेतले नाहीत, यावरून मला कळलं की त्याला पटलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष आनंदराव आले. फेटा, काठी, वही. गावातली निम्मी भांडणं पचवलेला माणूस. त्यांनी टायरच्या थप्पीवर बूड टेकलं आणि म्हणाले, "धनाजी, तू बोलू नको. सूनबाई, तू बोल. काय तरास देतो ह्यो तुला?"

"न्हाई हो मामा, कायबी न्हाई."

"मग मारती कशापायी?"

नूतननं सांगितलं. आनंदरावांनी वही मिटली. म्हणाले, "आस्सं. मग मला दाव. मी धरतो ते."

"तुमाला कशी मारू? मोठी माणसं तुमी."

"सरकारी काम समज."

आनंदराव पॅड धरून उभे राहिले. काठी भिंतीवरून डोकावणाऱ्या कुमारकडं दिली. नूतननं माझ्याकडं बघितलं, मी आकाशाकडं. गुडघा वर गेला, आणि पाय मागनं आला. आनंदराव दोन पावलं मागं गेले, तिसरं पाऊल टायरात पडलं आणि ते ट्रकच्या टायरच्या मधोमध बसले, म्हणजे बसवले गेले. फेटा जागच्या जागी होता हे मानलं पाहिजे. नूतननं धावत जाऊन दोन्ही पायांना हात लावून तीन वेळा नमस्कार केला. त्यांना बाहेर काढायला मी आणि कुमार दोघं लागलो.

धोतर झटकत आनंदराव म्हणाले, "तंटा न्हाई. लिव्हून घ्या. पण ही बाई तंटा मिटवायला न्यायच्या कामाची हाय."

गावाचं मिटलं. नमस्काराचं मिटेना. अभिषेकनं रविवारी तिला नीट सांगितलं. लाथ मारली की दोन्ही मुठी तोंडासमोर हव्यात. हात खाली गेले की मार्क शून्य. खेळात समोरच्यानं त्याच वेळी मारलं तर डोकं फुटेल. नूतन सगळं ऐकायची, हो म्हणायची, लाथ मारायची आणि वाकायची. अभिषेकनं तिचे हात ओढणीनं छातीशी बांधले. तिनं लाथ मारली आणि पुढं येऊन कपाळच पॅडला टेकवलं. पोरी हसून लोळल्या. नूतनही हसली. पण घरी येताना तिचा चेहरा उतरला होता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती दळणाचा डबा भरत होती. मला म्हणाली, "मला न्हाई जमायचं हो. पाय लागला की हात जातोच. मी काय मुद्दाम करते का?"

"एक दिवस न्हाई केलंस तर काय हुईल?"

"मला कसंतरी वाटतं." डब्यात हात फिरवत ती म्हणाली, "ज्या दिवशी वाकणार न्हाई त्या दिवशी कुनीतरी म्हणंल, लई माजली. ते ऐकायच्या आधीच मी वाकते."

अठरा वर्षांत हिला असं काही विचारावं हे मला सुचलं नव्हतं, आणि मी तर स्वतःला मोठा मोकळ्या मनाचा समजत होतो, कारण मी लाथा खात होतो.

रविवारी सकाळी कुमारच्या भावाच्या टेम्पोत चौदा पोरी, नूतन आणि मी भोरला गेलो. आई आली नाही. पण निघताना तिनं नूतनचे पांढरे कपडे हातात घेऊन उलटसुलट बघितले. ते अभिषेकच्या बहिणीचे, नूतनला थोडे तोकडे. आई म्हणाली, "ह्यो तर तुझ्या सासऱ्याचा लेंगा वाटतोय. आंग झाकतंय, मग काय वांधा न्हाई." आणि घाईघाईत तिला दहीसाखर दिली.

परीक्षा एका मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशीचं लग्न उतरवायचं राहिलं होतं. स्टेजवर सोनेरी खुर्च्या, मागं फुलांची कमान, वर शुभविवाह असा बोर्ड, आणि त्याखाली निळ्या मॅटवर पांढऱ्या कपड्यांत साठ-सत्तर पोरं रांगा लावून. पहिल्या रांगेत आठ-नऊ वर्षांची पिटुकली आणि त्यांच्या शेवटी नूतन. पट्टा सगळ्यांचा सारखाच पांढरा, म्हणून रांगही एकच. शेजारचं एक पोर तिला विचारत होतं, "काकू, तुम्ही कितवीला?"

भिंतीकडच्या खुर्चीवर चिमाजीआबा बसले होते. शिवानीनं फोन केला होता, म्हणून दोन एसट्या बदलून गुंजवण्याहून आले होते. गुडघे गेलेत त्यांचे, उठताना दोन्ही हातांनी खुर्ची धरावी लागते. टोपी मांडीवर ठेवून ते लेकीला त्या कपड्यांत बघत होते. मी पाया पडलो, तर म्हणाले, "जावई, नूतन कुठली? ती उंच व्हय?"

परीक्षा घ्यायला पुण्याहून राजनंदिनी मॅडम आल्या होत्या. पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी, काळा पट्टा, आवाज बारीक पण सगळा हॉल गप्प बसवणारा. उभं राहणं झालं, आकडे झाले. नूतननं आकडे असे खणखणीत म्हटले की मॅडमनी वर बघितलं. मग दहा अप चागी पॅडवर. पिटुकल्यांची पॅडं अभिषेक धरत होता. नूतनचा नंबर आला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "यांच्या वजनाचं कोणी आहे का?"

सगळ्या पोरींनी माझ्याकडं बघितलं. मी चप्पल काढून मॅटवर गेलो, माझं ट्यूबचं पॅड घेऊन.

पहिली लाथ बसली. नूतन वाकली.

"ताई, हात वर," मॅडम म्हणाल्या.

दुसरी बसली. नूतननं हात वर धरले, आणि ते आपोआप खाली आले. बोटं पॅडला, बोटं कपाळाला. मागं कुणीतरी हसलं. मॅडम उठून जवळ आल्या.

"ताई, लाथ फार चांगली आहे. पण तुम्ही वाकलात की समोरचा तुमच्या डोक्यात मारणार."

"समोर आमचे हे हायेत," नूतन म्हणाली.

"परीक्षेत 'हे' कोणी नसतात." मॅडम हसल्या नाहीत. "मी तुम्हाला बाकीच्यांच्या नंतर पुन्हा एकदा बोलावते. तेव्हा हात खाली आले तर मला नापासच करावं लागेल. नियम आहे."

नूतन मॅटवरून उतरली आणि आबांच्या शेजारी जमिनीवर बसली. पलीकडं आमच्या चौदा पोरी ओळीनं बसल्या होत्या. शिवानी नखं खात होती. मी तिला खाऊ नको म्हणणार होतो, पण माझीही तोंडातच होती.

"काय झालं?" आबांनी विचारलं.

नूतननं सांगितलं. पाय लागला की हात जातो, आणि हात गेला की नापास, आणि नापास झालं की पोरींचा क्लास बंद.

आबांनी टोपी हातात फिरवली. मग म्हणाले, "चिखलनीला, भात लावायच्या टायमाला, काय करायचो गं आपन?"

"काय?"

"बांधावरनं खाली उतरायच्या आदी?"

नूतननं त्यांच्याकडं बघितलं. "हात लावायचो. मातीला."

"कितींदा?"

"एकदा."

"आन मग?"

"मग दिवसभर तुडवायचो."

"दर पावलाला वाकत बसलो आसतो तर भात कवा लागलं आसतं? ती बी आईच हुती की. तिला आदीच सांगायचं, बाई, आता तुडवनार हाय, राग मानू नगं. तिनं कवा मानला न्हाई." आबांनी टोपी डोक्यावर ठेवली. "ह्यो तर नुसता धनाजी हाय."

मी शेजारीच उभा होतो. पण तसं म्हटलं तर बरोबरच होतं ते.

मॅडमनी पुन्हा नाव घेतलं. नूतन मॅटच्या कडेला गेली. आत पाऊल टाकायच्या आधी ती खाली वाकली, मॅटला हात लावला, कपाळाला लावला. मग माझ्यासमोर आली, पॅडला हात लावला, तो कपाळाला लावला. मॅडमनी अडवलं नाही. तशी त्या खेळातही सुरुवातीला मान झुकवायची असतेच.

"सुरू करा."

पहिली लाथ बसली. मुठी वर राहिल्या. दुसरी बसली. मुठी वर. तिसरीला आमच्या पोरी मोजायला लागल्या, चौथीला पिटुकली मोजायला लागली. मी मागं सरकत होतो. पाचवीला मॅट संपली. सातवीला स्टेजची पायरी माझ्या पायाला लागली. नूतनचे डोळे भरले होते, ओठ घट्ट मिटलेले, गुडघा दर वेळी आधी छातीपाशी आणि मग पाय. अठरा वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडं कधी असं सरळ बघितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला थोडी भीती वाटली, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला. नववीला मी स्टेजवर चढलो, तो उलटाच, आणि नवरदेवाच्या सोनेरी खुर्चीत बसलो. पॅड मांडीवर. दहावी ती मला बसलेल्यालाच मारणार असं मला दिसलं. तिनं ती मारली नाही. पायरीशी थांबली, मुठी तोंडासमोर, गुडघा वर धरून, आणि मॅडमकडं बघितलं.

"दहावी हवेत मारा," मॅडम म्हणाल्या. या वेळी त्या हसत होत्या.

तिनं हवेत मारली. मुठी खाली आल्या नाहीत. मॅडमनी कागदावर लिहिलं तरी आल्या नाहीत. शिवानीनं येऊन हात धरून खाली घेतले तेव्हा आल्या.

पिवळा पट्टा मॅडमनी स्वतः बांधला. मग पोरींनी बांधायला शिकायचं म्हणून दोनदा सोडला आणि दोनदा बांधला. आबांनी त्याच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हळदीचा वाटतोय." सोमवारी क्लास आहे, हे शिवानीनं समाजमंदिराची किल्ली असणाऱ्यांना तिथूनच फोन करून सांगून टाकलं.

दुपारी आबांना भोरच्या स्टँडवर सोडायला गेलो. टेम्पो फाटकाबाहेर उभा होता, पोरी त्यातच बसून राहिल्या. नूतननं कपडे बदलले नव्हते. पांढऱ्या कपड्यांत, कमरेला पट्टा, हातात आबांची पिशवी. स्टँडवरची माणसं वळून बघत होती, तिचं लक्ष नव्हतं.

नसरापूरची गाडी लागली. आबांनी दांडी धरली आणि पाय उचलला. तो पायरीला अडला आणि खाली आला. पुन्हा उचलला, पुन्हा अडला. आतून कंडक्टर म्हणाला, "चला आजोबा, टाइम झाला."

नूतन पुढं झाली. तिनं पिशवी माझ्याकडं दिली आणि आबांचा कोपर धरला.

"आबा, पाय वडू नका. आधी गुडघा."

आबांनी तिच्याकडं बघितलं.

"गुडघा आधी. पाय मागनं येतो."

आबा हसले. त्यांनी एक हात गुडघ्याखाली घालून तो वर घेतला, हळूहळू, जेवढा जाईल तेवढा, आणि पाय मागनं आला. पायरीवर टेकला. मी मागून जोर दिला. आबा वर चढले, पण दुसरा पाय वर घेताना त्यांची चप्पल नूतनच्या कमरेला लागली. पिवळ्या पट्ट्यावर मातीचा डाग उठला.

आबा दारातच वळले. मागं माणसं होती, पुढं जा म्हणत होती. त्यांनी एका हातानं दांडी धरली, वाकले, जेवढं वाकता येईल तेवढं, पट्ट्याच्या गाठीला बोटं लावली आणि ती कपाळाला लावली.

"आबा, आसू द्या हो," नूतन म्हणाली.

"आसू कसं देऊ? पाय लागला."

कंडक्टरनं दोरी ओढली. दार लागलं, गाडी फाटकातून वळली आणि गेली. नूतन तिथंच उभी राहिली. गाठीवर दोन्ही हात ठेवून.

"लागलं का?" मी विचारलं.

"न्हाई."

"खरं सांग."

पट्ट्यावरची माती तिनं झटकली नाही. बाहेर टेम्पोतून पोरी हाका मारत होत्या. मी पिशवीकडं बघितलं, आबांची पिशवी माझ्याच हातात राहिली होती. नूतननं ती माझ्याकडून घेतली आणि टेम्पोकडं चालायला लागली.